रात्री बर्फ गोठला होता का?

मेहकरकडच्या एका पोराने विचारलं आहे. कॉलेजातली बारा जणं एप्रिलच्या शेवटी उत्तराखंडात पांगरचुला शिखराच्या ट्रेकला निघाली आहेत. त्यातल्या एकानेही आजवर बर्फ बघितलेला नाही. शिवाय मे महिन्यात त्याचे आईवडील गावच्या बसने चारधामला जाणार आहेत. त्याचा प्रश्न असा: "काका, तुम्ही फौजेत असताना बर्फात राहिलात. एप्रिल-मेमध्ये तिकडची थंडी संपलेली असते, हवा मोकळी असते. मग हिमस्खलनाची भीती राहते का? ट्रेकवाले म्हणतात, आता काही नसतं."

भीती राहते. थंडीतली भीती वेगळी आणि ही वेगळी, पण राहते. आणि नवख्या माणसाला हीच जास्त फसवते, कारण ती छान उन्हात येते. आभाळ निळं, वारा पडलेला, अंगातलं जॅकेट काढून कंबरेला बांधलेलं, आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरचा उतार सुटायच्या बेताला आलेला असतो.

मी बावीस वर्षं फौजेत होतो. त्यातली आठ-नऊ वर्षं काश्मीर आणि सिक्कीममधल्या बर्फाच्या इलाक्यात गेली. गस्तीची पार्टी घेऊन जाणं आणि नवीन आलेल्या जवानांना बर्फात चालायला शिकवणं हे माझं काम होतं. आता रिसोड तालुक्यात हळद आणि सोयाबीन करतो. त्या जवानांना जे सांगायचो तेच इथे सांगतो, फक्त जरा आपल्या वावरातल्या भाषेत.

आपल्याकडे काळ्या जमिनीत विहीर खोदली आणि वरचं बांधकाम राहून गेलं, तर पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत काय होतं ते तू बघितलं असशील. पाणी मातीतून झिरपत खाली जातं, खालच्या कडक थराशी अडतं, तिथे राड होते आणि वरचा अख्खा काठ त्या राडीवरून विहिरीत बसतो. आदल्या दिवशी त्याच काठावर बैलं उभी असतात. वरून बघणाऱ्याला फार तर एक भेग दिसते.

डोंगरावरचा बर्फ असाच थराथरांचा असतो. डिसेंबरपासून पडत आलेला: एक थर भुसभुशीत, एक वाऱ्याने दाबून घट्ट केलेला, एक मधल्या उन्हाने वितळून परत गोठलेला, काचेसारखा. थंडीत या सगळ्या थरांचं तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. तेव्हा धोका असतो तो नव्या बर्फाच्या ओझ्याचा. एखाद्या कच्च्या थरावर दोन-तीन फूट बर्फ पडला की वरची लादी तडकते आणि निघते. मार्च-एप्रिलपासून मात्र ऊन चढतं, आणि वरपासून खालपर्यंत सगळा बर्फ शून्य अंशावर येऊन ठेपतो. आता थोडी जरी ऊब मिळाली तरी तिचं पाणीच होतं. ते पाणी खाली झिरपतं, काचेसारख्या थरावर नाहीतर थेट खडकावर अडतं, आणि दाण्याला दाणा धरून ठेवणारी पकड सोडवतं. विहिरीचा काठ आणि हा उतार यांत फरक एवढाच, की विहिरीचा काठ पावसाने खचतो आणि हा उतार उन्हाने.

आता या उताराला परत घट्ट कोण करतं? रात्र. रात्री पाणी गोठलं की सगळे दाणे एकमेकांत जखडतात, आणि दुपारी जो उतार ओल्या वाळूसारखा होता तो पहाटे सिमेंटचा झालेला असतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये एकच उतार पहाटे पाचला चालण्याजोगा आणि दुपारी बाराला जीवघेणा असू शकतो. ट्रेकवाले रात्री दोन-तीनला उठवून शिखराकडे काढतात, ते सूर्योदयाच्या फोटोसाठी आहे असं पोरांना वाटतं. खरं कारण हे गोठणं आहे.

पण रात्र झाली म्हणजे बर्फ गोठलाच, असं धरून चालू नको. इथेच बहुतेक जण चुकतात. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे बघ, निरभ्र रात्री गारठा वाढतो आणि आभाळ आलं की थंडी पळते. बर्फाचंही तसंच. आभाळ मोकळं असलं तर तो आपली उष्णता वर सोडून देतो, हवा शून्याच्या एखाद अंश वर असली तरी त्याचा वरचा पापुद्रा गोठतो. रात्रभर ढग राहिले तर ते गोधडीसारखे काम करतात, थर्मामीटर तेच दाखवत असलं तरी बर्फ ओलाच राहतो. अशा सकाळी पाचला निघालास तरी तू दुपारी बाराच्या बर्फावर चालतो आहेस.

म्हणून तंबूच्या बाहेर आल्यावर पहिलं काम: बुटाची टाच मार. टणक आवाज येऊन टाच वरच राहिली, काठीचं टोक आत शिरत नसलं, तर रात्र गोठली. वर पातळ कवच आणि त्याला फोडून पाय खाली पचकन घोट्याच्या वर गेला, तर गोठली नाही. मुठीत बर्फ घेऊन दाबला आणि बोटांमधून पाणी टपकलं, तर त्या दिवशी तीव्र उताराचं नावच काढू नये.

हे मी शिकलो ते सिक्कीममध्ये, एका एप्रिलमध्ये. नऊ जणांची पार्टी होती आणि पार्टीचा कमांडर मी होतो. पहाटे चारला निघायचं ठरलं होतं, वायरलेस सेटच्या बॅटरीचं काहीतरी अडलं आणि निघेपर्यंत साडेसात वाजले. रात्रभर तंबूच्या कडेवरून थेंब पडत होते. तो आवाज मी ऐकला होता. थेंब पडतात म्हणजे गोठलेलं नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी मी पार्टी काढली. वाटेत पूर्वेकडे तोंड असलेली एक घळ आडवी पार करायची होती, रुंदी असेल साठ-सत्तर पावलं. एका वेळी एकच जण जाईल एवढी अक्कल मी ठेवली होती. पाच जण पलीकडे गेले. सहावा मध्यावर असताना वरच्या काळ्या खडकाखालून बर्फ हलला. मोठा आवाज वगैरे काही नाही. स्लॅब टाकताना मिक्सरमधून माल ओततात ना, तसा तो वाहत आला, वाटेत रुंद होत, आणि त्याला चाळीस-पन्नास मीटर खाली घेऊन गेला. थांबला तेव्हा तो छातीपर्यंत गाडलेला, एक हात वर, डोकं बाहेर. आम्ही पळत गेलो. त्याच्या छातीपुढचा बर्फ मी बोटांनी उकरायला गेलो तर माझी दोन नखं मोडली. दोन मिनिटांपूर्वी वाहणारा बर्फ इतका घट्ट झाला होता. चार माणसं, दोन फावडी, आणि डोकं बाहेर असलेल्या माणसाला मोकळं करायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. मांडीचं हाड मोडलं होतं. डावा बूट तिथेच राहिला.

त्याचं डोकं आत असतं तर? पूर्ण गाडला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेक वेळा वाचतो. अर्धा-पाऊण तास झाला की वाचणारे फार थोडे उरतात. थंडीपेक्षा आधी श्वास संपतो. ओला बर्फ तर आणखी वाईट, कारण त्यात दाण्यांमध्ये हवा उरत नाही आणि वजन भयंकर असतं. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो. ओल्या हिमस्खलनाचा साचलेला ढीग पाचशे किलो किंवा जास्त भरतो, म्हणजे सोयाबीनचे दहा कट्टे, तेही एकाच घनमीटरात. कोरडा बर्फ ताशी शंभर-दीडशे किलोमीटरने येतो, ओला त्याच्या निम्म्यानेही येत नाही. म्हणून लोकांना वाटतं, आपण बाजूला पळू. गुडघाभर ओल्या बर्फात, पाठीवर सॅक घेऊन, कोणी पळू शकत नाही.

लोक मला लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड यांचं उदाहरण देतात. 2016च्या फेब्रुवारीत सियाचिनवर सोनम पोस्टवर बर्फ कोसळला आणि सहा दिवसांनी ते पंचवीस फूट खालून जिवंत सापडले. पुढे 11 फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं, आणि त्या पोस्टवरचे बाकीचे नऊ जणही गेले. त्यांच्या जिद्दीपुढे मी आजही डोकं टेकवतो. पण त्या एका घटनेवरून कुणी असा हिशेब करू नये की बर्फाखाली सहा दिवस निघतात. तो अपवादातला अपवाद होता.

आता कुठला उतार धोक्याचा. हिमस्खलनं बहुतेक करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सुटत नाही, त्याहून कड्यासारख्या जागी तो फारसा साचतच नाही. तीस-पस्तीस अंश म्हणजे किती? घराचा सिमेंटचा जिना आठव. त्याचा उतार साधारण तेवढाच असतो. जिन्याएवढा तिरपा आणि मोकळा, झाडं नसलेला बर्फाचा उतार दिसला, की तो सुटू शकणारा उतार आहे असं समज. मोबाइलमध्ये उतार मोजायची सोय असते, काठी बर्फावर आडवी ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवला की अंश दिसतात. पोरांनी घरच्या जिन्यावर आधी सराव करावा, डोळा बसतो.

मात्र आपण ज्यावर उभे आहोत तो उतार सपाट आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. वर काय टांगलं आहे ते बघायचं. नाल्याच्या तोंडाशी, घळीच्या पायथ्याशी बर्फाचा जुना ढीग पडलेला असेल, त्यात मोडकी झाडं, माती, दगड मिसळलेले असतील, तर ती बर्फाची नेहमीची वाट आहे. तिथे पाणी प्यायला, फोटो काढायला, मागच्यांची वाट बघायला थांबायचं नाही. 4 एप्रिल 2023ला गंगटोक-नाथूला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ दुपारी बाराच्या सुमारास बर्फ आला आणि सात पर्यटक गेले. ते गिर्यारोहक नव्हते. गाडीतून उतरून बर्फ बघायला गेलेली तुमच्या-आमच्यासारखी माणसं होती.

सूर्य कुठल्या बाजूला आधी पोचतो तेही लक्षात ठेव. पूर्वेकडे तोंड असलेले उतार सकाळी आठ-नऊलाच नरम पडायला लागतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे सगळ्यात उशिरा जागे होतात, पण मेमध्ये तेही होतात. काळे खडक तापतात आणि त्यांच्या कडेचा बर्फ आधी पोकळ होतो. आमच्या घळीत सुरुवात खडकाखालूनच झाली होती. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप सुटून, पोळीची गुंडाळी व्हावी तसे चाकं होत खाली यायला लागले, की समजायचं, उतार बोलायला लागला. अशा वेळी शिखर शंभर मीटरवर असलं तरी मागे फिरायचं. आणि कड्याच्या काठावर वाऱ्याने पुढे काढलेली बर्फाची पडवी असते, तिच्यावर पाय ठेवायचा नाही आणि उन्हाच्या वेळी तिच्या खालून जायचंही नाही.

या पहाटेच्या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे. नुकताच भरपूर बर्फ पडला असेल, तर पहाट काही वाचवत नाही. 28 फेब्रुवारी 2025ला बद्रीनाथजवळ माणा गावापाशी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या कंटेनरवर बर्फ आला तो भल्या पहाटे. चोपन्न जण अडकले, शेहेचाळीस वाचले, आठ गेले. तिथे दोष उन्हाचा नव्हता, वरून पडत असलेल्या बर्फाच्या ओझ्याचा होता. आणि हे फक्त फेब्रुवारीत होतं असं नाही. 23 एप्रिल 2021ला त्याच चमोली जिल्ह्यात नीती खोऱ्यात सुमनाजवळ सीमा सडक संघटनेच्या कॅम्पवर असंच झालं, दहाहून जास्त माणसं गेली. तुमचं पांगरचुलाही चमोलीतच येतं. बर्फ पडून गेल्यावर निदान दोन दिवस तीव्र उतारापासून लांब राहायचं, आणि त्यावर पहिलं कडक ऊन पडलं तर त्या दिवशी आणखी जास्त जपायचं. बर्फावर पाऊस पडला तर वाटच बघायची नाही, सरळ खाली यायचं.

एक गोष्ट आपल्या इकडूनही कळते. मार्चमध्ये आपल्या गहू-हरभऱ्यावर, संत्र्यावर गारपीट होते, तेव्हा बऱ्याचदा त्यामागे वरून जाणारा पश्चिमी झंझावात असतो. तिकडे हिमालयावर बर्फ आणणारा तोच. त्यामुळे निघायच्या आठवड्यात हवामान खात्याच्या अंदाजात "पश्चिमी झंझावात" हे शब्द दिसले, की आपल्या कापणीबरोबर त्या डोंगराचीही काळजी करायची. शिवाय चंदीगडला संरक्षण खात्याची डीजीआरई म्हणून संस्था आहे, पूर्वी मनालीची सासे होती ती 2020मध्ये तिच्यात विलीन झाली. ही संस्था जिल्हावार हिमस्खलनाचा इशारा काढते. पाच पातळ्या असतात. पातळी तीन म्हणजे "मध्यम आहे, चालेल" असं पोरं वाचतात. तीन म्हणजे धोका भरपूर आहे, आणि एका माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो.

आता ट्रेकवाल्यांना फोन करून काय विचारायचं ते. शिखराच्या दिवशी किती वाजता निघता, आणि कितीला जिथे असू तिथून मागे फिरता? मागे फिरायची वेळ सांगता आली नाही तर मला ते खटकेल. रात्र गोठली नाही तर काय करता? याचं उत्तर "असं होत नाही" असं आलं, तर पैसे परत माग. फावडी किती, बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब काठ्या किती, आणि गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडणारे ट्रान्सीव्हर आहेत का? आपल्याकडच्या बहुतेक ट्रेकमध्ये ट्रान्सीव्हर देत नाहीत, हे मला माहीत आहे. पण फावडंच नसेल तर बर्फाच्या उतारावर बारा पोरं नेऊच नयेत. माझी मोडलेली नखं आठव.

घळ ओलांडताना एका वेळी एक, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची, मोबाइलवर नाही. काठीचा पट्टा मनगटातून काढायचा, सॅकचा छातीचा आणि कंबरेचा पट्टा सोडायचा. बर्फ आलाच तर ओरड, काठ्या फेक, कडेकडे सरकायचा प्रयत्न कर. वेग कमी होतोय असं वाटलं की दोन्ही हात तोंडासमोर आण आणि तिथे पोकळी कर, कारण थांबल्यावर बोटही हलणार नाही. वरच्यांनी, तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी पकडून ठेवायची आणि तिच्या खालच्या बाजूला शोधायचं: हातमोजा, सॅकचा कोपरा, काहीही. आम्ही पूर्वी कंबरेला लांब लाल दोरी बांधायचो, माणूस गाडला तरी दोरीचं एखादं टोक वर राहावं म्हणून. मदत मागायला सगळ्यांनी खाली धावायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं जे जागेवर आहेत त्यांचीच असतात.

आईवडिलांबद्दल. यमुनोत्री, गंगोत्रीला त्यांना बर्फाची फार काळजी करायला नको. केदारनाथला मात्र मंदिराची दारं उघडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, चढावरच्या लिनचोली या मुक्कामाच्या वर वाट बर्फ कापून काढलेली असते, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच भिंती. कुबेर आणि भैरव गदेरे, म्हणजे डोंगरातून उतरणारे ओढे, ही तिथली बर्फाची ठरलेली उतरण. 2023च्या मेमध्ये तिथे बर्फ खाली येऊन वाट बंद पडली होती. म्हाताऱ्या माणसांना नेमकं तिथेच गार वाटतं, बरं वाटतं, आणि ते टेकून बसतात. त्यांना सांग, बसायचं तर गदेरा ओलांडून बसा. गौरीकुंडहून पहाटेच निघा, म्हणजे तो टप्पा दुपार व्हायच्या आत मागे पडेल. पोलिसांनी अडवलं तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका. जमलं तर बस मेच्या शेवटच्या आठवड्यातली धरा. गर्दी तेवढीच असेल, पण बर्फ बराच उतरलेला असेल.

मी पुढच्या बुधवारी हळद घेऊन रिसोडच्या बाजारात येतो आहे. तुमच्या बारा जणांपैकी जमतील तेवढे या, येताना ट्रेकवाल्यांचं वेळापत्रक आणा. रोज किती वाजता कुठे असणार आणि त्या वेळी डोक्यावर कुठल्या दिशेचा उतार असणार, ते नकाशावर आपण बसून बघू.